नायटा, खरूज, चट्टा : जानेफळकरांनो, पैसे कुठे खर्च कराल?

खाज सुटली की पहिली धाव मेडिकलकडे जाते. शंभराच्या आसपास ट्यूब मिळते, दोन दिवस आराम पडतो आणि महिन्याभरात मांडीवरचा नायटा पोटावर चढतो. मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. अशा बहुतेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते खाज दाबतं, नायट्याची बुरशी मात्र वाढू देतं. म्हणून पहिला रुपया निदानावर खर्च करा.

याचं उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी शाम्पू, पाणी आणि बुरशीवर संशय गेला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन गेलं आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं. कारण कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

दाखवायचं कुठे, खर्च किती?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञांचा सल्लाही विनाशुल्क मिळतो. डाग मोबाइलवर दाखवताना उजेडात दाखवा.

पुढची पायरी बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय. अकोल्याचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं असल्याने तिथे नाममात्र शुल्क पडतं. त्वचेच्या ओपीडीचा वार आधी विचारून निघा, नाहीतर भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत.

खासगी त्वचारोगतज्ज्ञांची फी साधारण ३०० ते ६०० रुपये धरा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ओपीडीतली ट्यूब त्यात बसत नाही.

खरूज

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरात एकापेक्षा जास्त जणांना त्रास, ही तिची ओळख. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. खाज नसलेल्यांसह घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं तरच उपयोग.

हिशेब असा : तीन मोठी माणसं आणि दोन मुलं असतील, तर एका वेळी ३० ग्रॅमच्या साधारण चार ट्यूब, दोन वेळच्या आठ. ६० ते १२० रुपयांच्या भावाने ४८० ते ९६० रुपये. सरकारी केंद्रात साठा असेल तर हाच उपचार फुकट. एकाच माणसाला औषध लावून पैसे वाचत नाहीत, खरूज घरभर फिरत राहते. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते, म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा मलम लावू नका.

नायटा

त्वचेच्या खरवडीची सूक्ष्मदर्शकाखालची केओएच तपासणी बुरशी आहे की नाही ते सांगते. सध्याची बुरशी चिवट आहे, नेहमीच्या गोळीला दाद न देणारे प्रकारही आढळतात, म्हणून उपचार दोन महिन्यांपर्यंत लांबू शकतो. खासगीत फी आणि औषधं धरून अंदाजे दोन ते चार हजार होतात. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगेपर्यंत उपचार थांबवू नका. अर्धवट सोडलेला उपचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. ओले कपडे अंगावर ठेवू नका, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा.

गाजर गवत आणि सुन्न चट्टा

निंदणीनंतर पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत खाज उठत असेल तर गाजर गवताची अ‍ॅलर्जी असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, पॅच टेस्टने खात्री होते. यावर बुरशीचं औषध चालत नाही.

फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी आजच करून घ्या. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात पूर्ण मोफत मिळतो, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. वेळीच सुरू केला तर अपंगत्व टळतं.

मेडिकलमध्ये

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं नाव असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर घेऊ नका. पावती घ्या आणि आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूब डॉक्टरांना दाखवा, त्याने निदान लवकर होतं.

तोंडात फोड येणं, अंगभर कातडी सुटणं, तापासह पुरळ येणं यांत खर्चाचा विचार करत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाकी खाजेसाठी नियम एकच : आधी तपासणी, मग ट्यूब.