तणनाशके आणि बांधावरची रानझाडे : हरितगृहातील संशोधनाचा बोध

शेतातील तण मारण्यासाठी फवारलेले औषध शेताच्या हद्दीतच राहते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात वाऱ्याबरोबर त्याचे सूक्ष्म तुषार बांधावर, कुंपणावर आणि ओहोळाच्या काठावर जाऊन पडतात. तेथील रानझाडांवर या अल्प अंशाचा काय परिणाम होतो, हे उघड्या शेतात निश्चित सांगणे कठीण. कारण ऊन, पाऊस, कीड आणि जमीन यांचा प्रभाव एकमेकांत मिसळलेला असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ हरितगृहाचा आश्रय घेतात. तेथे माती, पाणी व प्रकाश सर्व कुंड्यांना सारखाच मिळतो. फरक केवळ औषधाच्या मात्रेचा. काही कुंड्यांवर तुलनेसाठी औषध मुळीच फवारीत नाहीत.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2006 साली ठरविलेल्या पद्धतीनुसार कोवळ्या रोपांवर फवारणी करून 21 ते 28 दिवस निरीक्षण केले जाते. पाने पिवळी पडली काय, वाढ खुंटली काय, वजन घटले काय, हे पाहतात. रोपेही बहुधा मका, सोयाबीन, टोमॅटो अशा पिकांचीच असतात. येथे एक उणीव राहते. रानझाडाचे बियाणे दरवर्षी कोणी आणून पेरीत नाही. त्याचा वंश स्वतःच्या बीजावरच चालतो. आणि बीज धरण्यापूर्वीच चाचणी संपलेली असते.

अमेरिकेत ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे पर्यावरण संरक्षण संस्थेची प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या सहकार्याने केलेला अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. क्लोरसल्फ्युरॉन या तणनाशकाची, शेतातील मात्रेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा दिली असता सोयाबीन, कॅनोला आणि एका रानवनस्पतीचे बीजोत्पादन फार मोठ्या प्रमाणात घटले. पानांकडे पाहून मात्र हे नुकसान फारसे लक्षात येत नव्हते. पुढे कॅनडातील संशोधकांनीही, काही रानवनस्पतींना तणनाशकामुळे फुले उशिरा येतात, असे दाखवून दिले. फुले उशिरा आली, तर मधमाशीचा आणि फुलाचा हंगाम जुळत नाही.

तात्पर्य, पान हिरवे आहे म्हणून झाड सुखरूप आहे, असे मानता येत नाही. आपल्या बांधावरील टाकळा व कुर्डू या रानभाज्या एका हंगामाच्या आहेत. बी धरले नाही, तर पुढील पावसाळ्यात त्या उगवणार कशा?

यास्तव शेतकरी बंधूंनी वारा वाहत असताना फवारणी टाळावी, नळीचे तोंड पिकाजवळ ठेवावे, वेष्टनावरील मात्रा ओलांडू नये आणि बांधालगत एक पट्टा औषधाविना सोडावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून, फवारणी न होणाऱ्या एखाद्या बांधावरील रानझाडांची नोंदवही ठेववावी : पहिले फूल कोणत्या दिवशी आले, शेंगा किती धरल्या. काही वर्षांच्या अशा नोंदी गावाच्या मोठ्या उपयोगी पडतील.