मायएसक्यूएल येतं, पोस्टग्रेस कसं शिकू?

प्रश्न : मी काही वर्षं मायएसक्यूएलवर काम करतो आहे. नव्या प्रकल्पात पोस्टग्रेस वापरायचं ठरलं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : एसक्यूएल येतं, ही तुमची मोठी जमेची बाजू. त्यामुळे सिलेक्ट आणि जॉइन पुन्हा गिरवत बसू नका. फरक आहेत तिथे वेळ द्या.

आधी पोस्टग्रेस स्वतःच्या लॅपटॉपवर बसवा. जुन्या प्रकल्पातली चार-पाच टेबलं आणि नेहमीच्या क्वेरी तिथे चालवून पाहा. जिथे अडाल, तिथेच खरं शिक्षण आहे. उदाहरणार्थ, मजकुराची तुलना करताना मायएसक्यूएल सहसा कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद करत नाही, पोस्टग्रेस करतं. दुहेरी अवतरणचिन्हं इथे मजकुरासाठी नसून टेबल-कॉलमच्या नावांसाठी असतात. 'आल्टर टेबल'सुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये रोलबॅक करता येतं. मायएसक्यूएलमध्ये ते देताच आपोआप कमिट होतं.

मग एका टेबलात लाखभर ओळी भरा आणि 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' वाचायला शिका. इंडेक्स लावण्याआधीचा आणि नंतरचा प्लॅन शेजारी ठेवून पाहा. ही आज्ञा क्वेरी प्रत्यक्ष चालवते. म्हणून अपडेट किंवा डिलीट तपासताना ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करा.

शेवटी व्हॅक्यूम समजून घ्या. अपडेटनंतर ओळीची जुनी आवृत्ती टेबलातच राहते. ती जागा व्हॅक्यूम पुन्हा वापरण्याजोगी करतं. म्हणून वेग वाढेल या आशेने, हे काम आपोआप करणारं ऑटोव्हॅक्यूम कधीही बंद करू नका.

पोस्टग्रेसचं अधिकृत दस्तऐवजीकरण उत्तम आहे. शंका आली की आधी तेच उघडा, आणि उत्तर स्वतः चालवून पडताळा.