गॅसविना थंडावा : चुंबकावर चालणारा फ्रिज आणि आपला धंदा

मटण-मासळीची दुकाने, दूध, फळे व आइस्क्रीमचा व्यापार आणि फ्रिज-एसी दुरुस्ती, हे सारे धंदे थंडाव्यावर चालतात. ‘गॅस नसलेला, चुंबकावर चालणारा फ्रिज येत आहे’ अशी बातमी अधूनमधून कानावर येते. ती ऐकून मेकॅनिक धास्तावतो आणि दुकानदार खरेदी लांबणीवर टाकतो. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ही वस्तू नेमकी काय आहे, हे दोघांनी समजून घेणे हिताचे ठरेल.

तत्त्व काय?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की पंप तापतो. वायू दाबला की गरम होतो, पसरू दिला की गार होतो. आजच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर गॅस दाबतो, मागची जाळी त्याची उष्णता बाहेर टाकते आणि द्रव झालेला गॅस आत पुन्हा उडताना थंडावा देतो.

काही धातूंच्या बाबतीत दाबाचे हे काम चुंबक करतो. अशा धातूचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक असतो. एरवी या अणूंची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. जवळ मोठा चुंबक आणला की ती एका दिशेला वळतात आणि धातू तापतो. चुंबक दूर नेला की ती पुन्हा विखुरतात. त्यासाठी लागणारी शक्ती धातूच्याच उष्णतेतून घेतली जाते, म्हणून तो गार होतो. १९१७ मध्ये पिएर वाइस व ऑगुस्त पिकार यांनी निकेलमध्ये हा परिणाम नोंदवला.

यंत्र कसे चालते?

१) चुंबक धातूजवळ येतो, धातू तापतो.
२) धातूतून पाणी फिरवून ती उष्णता बाहेरच्या जाळीत टाकली जाते.
३) चुंबक दूर जातो, धातू पहिल्यापेक्षा गार होतो.
४) पाणी उलट दिशेने फिरते, गार होते आणि फ्रिजच्या कप्प्यातील उष्णता उचलते.

पाणी गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात. अशी आवर्तने सतत चालू राहतात.

यासाठी गॅडोलिनियम हा धातू प्रसिद्ध आहे, कारण त्याचा परिणाम २० अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला, सर्वांत ठळक असतो. तरीही एक टेस्ला शक्तीच्या चुंबकात तो जेमतेम ३ अंश तापतो. एवढ्याने फ्रिज चालत नाही. म्हणून पाणी धातूच्या थरातून पुढे-मागे खेळवून तापमानातील फरक हळूहळू वाढवत नेतात. १९७६ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतील जेराल्ड ब्राउन यांनी याच युक्तीने ४७ अंशांचा फरक मिळवून दाखवला. मात्र त्यांचा चुंबक ७ टेस्लाचा, प्रयोगशाळेतला होता.

१९९७ मध्ये आयोवा राज्यातील एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की व ग्शनायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन व जर्मेनियमचा अधिक प्रभावी मिश्रधातू शोधला. पुढे लोखंड व मँगनीजचे स्वस्त मिश्रधातूही निघाले. २०१५ मध्ये हायर कंपनीने अमेरिकेतील प्रदर्शनात या तत्त्वावरील छोट्या शीतपेटीचा नमुना मांडला.

मग अडले कुठे?

पहिली अडचण चुंबकाची. त्यासाठी निओडिमियमचे भारी व महाग चुंबक लागतात. दुसरी अडचण धातूची. गॅडोलिनियम पाण्यात गंजतो, तर लोखंडाचे काही मिश्रधातू ठिसूळ असतात. तिसरी अडचण पुरवठ्याची. अशा दुर्मिळ धातूंच्या व्यापारावर चीनची पकड आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने गॅडोलिनियमसह सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. शिवाय स्पर्धा आहे ती वर्षानुवर्षे सुधारत आलेल्या स्वस्त कॉम्प्रेसरशी.

असे असूनही संशोधन थांबत नाही, कारण गॅसवरील बंधने वाढत आहेत. ओझोनच्या थराला घातक म्हणून आर-१२ गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए वातावरण तापवतो, म्हणून २०१६ च्या किगाली करारानुसार अशा गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. भारताने हा करार २०२१ मध्ये मान्य केला असून आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे.

आपण काय करावे?

दुकानदाराने या बातमीवर विसंबून आजची गरजेची खरेदी अडवून धरू नये. एजन्सी देतो म्हणून कोणी अनामत मागितली, तर यंत्र भर उन्हाळ्यात, माल भरलेल्या स्थितीत चालवून दाखवायला सांगावे. विजेचा मीटर स्वतः पाहावा आणि सुटे भाग कुठे मिळतील हे लेखी घ्यावे. साध्या फ्रिजच्या दारातही चुंबकी पट्टी असते. ती केवळ दार घट्ट बसवते, थंडाव्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा ‘चुंबक’ या शब्दाला भुलू नये.

मेकॅनिक बांधवांनी धास्तावण्याचे कारण नाही. कॉम्प्रेसर गेला तरी मोटर, पंप, झडपा, पंखा, जाळी, थर्मोस्टॅट आणि दाराचे रबर राहणारच आहे. मात्र नुसते गॅस भरण्यावर पोट अवलंबून ठेवू नये. आज आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असलेले फ्रिज दुरुस्तीला येतात, ते सुरक्षितपणे हाताळण्याचे रीतसर शिक्षण आधी घ्यावे. मोटरची, पंपाची आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटची कामेही शिकून घ्यावीत. उष्णता कुठून उचलायची आणि कुठे टाकायची, हे ज्याला नीट कळले, त्याला कोणत्याही यंत्रावर काम मिळेल.