घरच्या चित्रपटगृहासाठी संगणक : भागांची पारख

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाच्या सुट्या भागांवरचा लेख पाहून काही भुवया उंचावतील. परंतु चित्रपट व नाटक हे आपल्या अभ्यासाचे विषय असतील, तर ते ज्या यंत्रावर पाहायचे त्याचीही थोडी ओळख हवी. जत्रेतला तंबूतला सिनेमा गेला, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटी गेल्या. आता मुळशीच्या खेड्यातल्या घरीही दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडून जुने मराठी चित्रपट, नाटकांच्या चित्रफिती आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेले घरातले लग्न पाहता येते. हौस साधी आहे, पण पैसा बहुधा भाताचा किंवा दुधाचा असतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात यंत्राने मान टाकली तर तेवढा पैसा पुन्हा उभा राहायला वर्ष जाते. म्हणून येथे ‘उत्तम’ यंत्र कोणते यापेक्षा, कमी पैशांत टिकणारे कोणते, एवढाच प्रश्न घेतला आहे.

आधी एक खुलासा. वर्गणी भरून महाजालावरचे चित्रपट पाहणे एवढीच गरज असेल, तर संगणक घेऊच नये. संचाच्या मागे खोचायची छोटी कांडी ते काम स्वस्तात करते, आणि कित्येकदा अधिक स्पष्ट चित्र देते. संगणक हवा तो ज्याचा स्वतःचा संग्रह आहे, त्याला.

दुकानात गेल्यावर पहिली भूल पडते ती प्रोसेसरच्या बाबतीत. चित्रपट दाखवायला फार ताकदवान प्रोसेसर लागतो असा समज आहे. वस्तुतः चित्रपटाची फाईल आकसून साठवलेली असते आणि दाखवताना तिची उकल करावी लागते. ही उकल करणारा स्वतंत्र विभाग चित्र-चिपमध्येच असतो. तो विभाग ती पद्धत जाणत असेल तर यंत्र थंडपणे काम करते. जाणत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडू लागतो आणि चित्र अडखळते. तेव्हा विचारायचे ते वेग किती हे नव्हे, तर कोणत्या पद्धती उकलतात हे. एच-२६४ ही पद्धत २००३ सालची, एचईव्हीसी २०१३ ची आणि एव्ही-वन २०१८ ची. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांना एचईव्हीसीची आठ बिटांची आवृत्ती चांगली उकलते. दहा बिटांची आवृत्ती, जिच्यात आजचे बरेचसे फोर-के चित्रपट असतात, ती सातव्या पिढीपासून नीट जमते. एव्ही-वनसाठी मात्र अकराव्या पिढीपर्यंत यावे. नवा प्रोसेसर घेणाऱ्याने क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर आहे का ते पाहावे. असेल तर त्यात चित्र-चिप नसते, आणि वेगळे चित्र-कार्ड घेताना चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो.

आता ही सातवी पिढी आपल्या तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे कार्यालयांच्या दृष्टीने ही यंत्रे निरुपयोगी ठरली. चित्रपट दाखवायला मात्र ती पुरेशी आहेत, कारण लिनक्सवर चालणारी कोडीसारखी मोफत प्रणाली त्यांवर व्यवस्थित चालते. हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात येते हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तालुक्याच्या पूर्व टोकाला संगणक-कंपन्यांची कार्यालये, पश्चिम टोकाला ताम्हिणीचा पाऊस, अशी आपली स्थिती आहे. अशी कार्यालये काही वर्षांनी यंत्रांचे गठ्ठे बदलतात. त्यांतली पुस्तकाएवढ्या आकाराची छोटी यंत्रे, म्हणजे डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होची थिंकसेंटर टायनी, एचपीची एलिटडेस्क मिनी, आपल्या कामाला सर्वांत योग्य, असे माझे मत आहे. ती कार्यालयात दिवसभर चालण्यासाठीच बनवलेली असतात. प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘टी’ असलेल्या प्रकारात उष्णताही ३५ वॅटच्या हिशेबाने धरलेली असते.

घेताना पावती मागावी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, मोठ्या वापरकर्त्यांनी टाकाऊ यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यावीत अशी त्यांत अपेक्षा आहे. पावती देणारा दुकानदार महिना-दोन महिन्यांची हमीही देतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात हिंडून चौकशी केली तर बाजारभावाचा अंदाज येतो, मग खरेदी कोठेही करावी. दुकानातच यंत्र चालू करून पाहावे. सुरुवातीच्या सेटिंगला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर ते यंत्र तिथेच ठेवावे. झाकण उघडून पाटीवरचे कपॅसिटर पाहावेत. डोके फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसली तर दर कितीही कमी असो, नको म्हणावे. सन २००० च्या आसपास निकृष्ट द्रवामुळे असे कपॅसिटर जगभर लाखोंनी फुटले होते. आताचे पुष्कळसे घन प्रकारचे असतात, तरी उष्णता हा त्यांचा वैरी आहेच. द्रव असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य तपमान दहा अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते. चार जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या तर आठ जीबीच्या एकीपेक्षा त्या बऱ्या, कारण चित्र-चिप याच स्मृतीतून काम करते आणि दोन वाटांनी ते लवकर होते.

आणखी एक खाच. या कार्यालयीन यंत्रांना बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय असेलच असे नाही. साधा जोड लावला तर फोर-के चित्र सेकंदाला तीसच चौकटी दाखवते. यासाठी महागडा जोड विकायला दुकानदार तयारच असतो. पण चित्रपट मुळात सेकंदाला २४ चौकटींचा असतो! तेव्हा साध्या जोडाने चित्रपटाचे फारसे काही बिघडत नाही, फक्त क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याने महाग जोड घ्यावा.

आता विजेकडे येऊ, कारण खेड्यातले यंत्र मरते ते बहुतेक विजेनेच. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध मुळशीकरांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी कोकणात उतरून भिऱ्याला १९२७ पासून वीज निर्माण करू लागले, आणि ती वीज मुंबईकडे गेली. असो. लांब वाहिनीच्या टोकावरच्या वाडीत संध्याकाळी दाब उतरतो, हा सर्वत्रचाच अनुभव आहे. पण उतरलेला दाब छोट्या यंत्राला फारसा त्रास देत नाही. त्याच्या अडॅप्टरवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले असते, म्हणजे दीडशेवरही तो चालतो. त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेणे हा वायफळ खर्च आहे. सुटे भाग जोडून यंत्र बनवणाऱ्याने मात्र पॉवर सप्लायवरचा हाच आकडा वाचावा. स्वस्त पेटीसोबत फुकट येणाऱ्या सप्लायवर पुष्कळदा ‘२०० ते २४०’ असते आणि ‘४५० वॅट’ हा आकडा निव्वळ नाव मोठे लक्षण खोटे अशातला असतो. अडॅप्टरवर भारतीय मानक संस्थेच्या चिन्हाखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. संस्थेच्या बीआयएस केअर या मोबाईलवरच्या सोयीत तो घातला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभ्याउभ्या हे पाहून घ्यावे, दुकानदाराला राग आला तरी.

खरा धोका चढलेल्या दाबाचा. वाऱ्याने न्यूट्रल तार तुटली तर २३० च्या जागी चारशेच्या जवळ दाब घरात येऊ शकतो, आणि मग कसलीही कंपनी असो, काही उरत नाही. यासाठी दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे छोटे साधन वायरमनकडून मुख्य बोर्डात बसवून घ्यावे. त्याचबरोबर घराचे आर्थिंग तपासून घ्यावे, कारण ते नसेल तर स्पाइक गार्ड नावाची पट्टी निम्मे कामही करत नाही. वीज कडाडू लागली की प्लग तर काढावाच, पण छतावरच्या डिशची आणि इंटरनेटची तारही काढावी. पुष्कळ संच या मागच्या दारानेच जळतात.

पावसाबद्दल थोडेच. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. अशा हवेत बंद ठेवलेले यंत्र चालू यंत्रापेक्षा लवकर बिघडते, कारण चालू यंत्राची ऊब ओल धरू देत नाही. पावसाळ्यात ते रोज तासभर तरी चालवावे, पश्चिमेच्या ओल्या भिंतीला किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये, आणि मागच्या झरोक्यांना बारीक जाळी लावावी. पालीचे प्रेम उबेवर फार.

राहता राहिला संग्रह. प्रणालीसाठी लहानशी नवी एसएसडी घ्यावी, या एका भागात जुने घेऊ नये. चित्रपटांसाठी मोठी हार्ड डिस्क जुनी चालते, पण ती किती तास फिरली आणि किती जागा खराब झाल्या याची नोंद तिच्यातच असते, ती संगणकावर उघडून पाहावी. खराब जागांपुढे शून्य नसेल तर घेऊ नये. चित्रपट पुन्हा मिळतो. आजोबांच्या कीर्तनाची कॅसेटवरून उतरवलेली एकुलती एक फीत मिळत नाही. तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या घरी, पुण्यातल्या आत्याकडे वगैरे ठेवावी. आणि वर्षातून दोनदा, एकदा पाऊस लागण्याआधी व एकदा दिवाळीत, ती जोडून दोन-चार फायली वाजवून पाहाव्यात.