ट्रेलरचे टायर, टायरची हवा आणि आपला माल

आमचा धंदा कापडाचा आहे. भिवंडीत लूमवाल्यांकडून माल घ्यायचा, धुलाई-रंगाई करून घ्यायची, गाठी बांधायच्या आणि कंटेनर भरून न्हावाशेवा बंदराला रवाना करायचे, एवढेच आमचे काम. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, टायर त्याचे, ड्रायव्हर त्याचा. तेव्हा टायरशी आपला काय संबंध, असे २०१४ सालच्या मे महिन्यापर्यंत आम्हीही समजत होतो.

त्या महिन्यात आमचा चाळीस फुटी कंटेनर दुपारी दोनच्या उन्हात निघाला. मुंब्रा बायपास ओलांडून थोडे पुढे गेल्यावर ट्रेलरच्या मागच्या एक्सलचा डावीकडचा आतला टायर फुटला. ड्रायव्हरला लगेच कळले नाही. आतल्याचा बोजा बाहेरच्या जोडीदारावर गेला आणि सहा-सात किलोमीटरवर तोही गेला. स्टेपनी एकच होती, तीही गुळगुळीत. दुसरा टायर मागवून गाडी बंदरावर पोचेपर्यंत गेट बंद झाले होते आणि जहाज आमचा माल न घेता गेले. आखाती देशातल्या खरेदीदाराने पुढच्या जहाजाने आलेला माल घेतला, पण शेकडा पाच कापून घेतला. त्या फेरीत आमचा नफाच शेकडा पाचच्या आत होता.

आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडलो. त्याने शांतपणे एकच गोष्ट विचारली, "सेठ, ऐनवेळी दाराजवळ रचलेल्या त्या जाड कापडाच्या गाठींचे वजन बिल्टीत लिहिले होते का?" ते लिहिले नव्हते. भाडे फेरीवर ठरले होते, म्हणून दोन टन जास्तीचे आम्हीच चढवले होते. त्या दिवसापासून आम्ही हा विषय एका टायरवाल्या उस्तादांकडे बसून शिकलो. जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

पहिला धडा असा की, बोजा टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. रबर आणि तार ही त्या हवेची पिशवी आहे. हवा कमी झाली की पिशवी जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला तिची बाजू वाकते आणि सरळ होते, आणि या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. टायर बहुधा खिळ्याने मरत नाही. खिळ्याने हवा जाते, आणि कमी हवेवर चालल्याने झालेल्या उष्णतेने तो मरतो.

दुसरा धडा टायर वाचण्याचा. टायरच्या बाजूवर सगळे लिहिलेले असते, आपण वाचत नाही एवढेच. समजा लिहिले आहे १०.०० आर २०, १६ पीआर, १४६/१४३ के. दहा म्हणजे टायरची रुंदी इंचात, आर म्हणजे रेडियल, वीस म्हणजे रिमचा व्यास इंचात. आरऐवजी आडवी रेघ असेल तर तो बाजारात ज्याला नायलॉन म्हणतात तो टायर. १६ पीआर म्हणजे आत सोळा थर आहेत असे नव्हे. ती ताकदीची जुनी मोजणी आहे. खरा आकडा १४६/१४३ हा. १४६ म्हणजे टायर एकटा असेल तर ३००० किलो, १४३ म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी २७२५ किलो. जोडीत कमी का? कारण जोडीतले दोघे कधीच अगदी सारखा बोजा घेत नाहीत. के म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेवटी चौकटीत चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर विकत घेताना नक्षी बघण्याआधी हे चार आकडे बघावेत.

आता हिशेब करू. व्यापाऱ्याला हिशेबाचा कंटाळा नसावा.

चाळीस फुटी ट्रेलरच्या मागच्या दोन जोड एक्सलना मिळून आठ टायर असतात. २०१८ सालापूर्वी अशा जोड एक्सलवर कायद्याने १९ टन चालत. आठने भागले की एका टायरवर २३७५ किलो. टायरची ताकद २७२५. म्हणजे प्रत्येक टायरमागे ३५० किलोची गुंजाइश होती. त्या वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने ही मर्यादा २१ टन केली. आता एका टायरवर २६२५, आणि गुंजाइश उरली फक्त १०० किलोची. आठ टायर मिळून ८०० किलो. कायद्याची मर्यादा वाढली, पण ट्रेलरला तेच जुने टायर लावलेले असतील तर त्यांची ताकद कागदाने वाढली नाही.

पुढच्या गाडीचे, ज्याला आपण हॉर्स म्हणतो तिचे, चित्र याहून बिकट आहे. तिच्या मागच्या एका एक्सलला चार टायर. मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. चारने भागा, २८७५ किलो. वरचा १६ पीआरचा टायर २७२५ चा. म्हणजे कायद्याच्या आत राहूनही प्रत्येक टायर दीडशे किलोने कमी पडतो. एवढा बोजा उचलायचा तर १८ पीआरचा १४९/१४६ चा टायर हवा, जो जोडीत ३००० किलो घेतो, किंवा ट्यूबलेस २९५/८० आर २२.५ हवा, ज्यावर १५२/१४८ लिहिलेले असते आणि जो जोडीत ३१५० किलो घेतो. अर्थात तुमच्या गाडीला किती वजन चालते ते आरसी बुकात लिहिलेले असेल तेच. जुन्या गाडीला नवी मर्यादा लावून बसू नये. आणि मर्यादा मोडली तर दंड २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनाला आणखी २ हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

एकूण वजन बरोबर असले म्हणून भागत नाही. वजन कुठे बसले हे महत्त्वाचे. आमच्या गाठी दाराजवळ, म्हणजे ट्रेलरच्या एक्सलच्या डोक्यावर होत्या. सगळ्या पुढे रचल्या असत्या तर हॉर्सच्या चार टायरांवर आल्या असत्या. म्हणून जड माल कंटेनरच्या संपूर्ण लांबीत पसरून रचावा. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक कंटेनरचे खरे वजन लिहून द्यावे लागते, त्यामुळे काट्यावर तर जावेच लागते. तिथे ड्रायव्हरला सांगून आधी फक्त हॉर्सची चाके काट्यावर घ्यावीत, चिठ्ठी घ्यावी. मग हॉर्स पुढे काढून फक्त ट्रेलरची चाके घ्यावीत आणि दुसरी चिठ्ठी घ्यावी. दुसऱ्या चिठ्ठीवर २२,४०० आले तर आठने भागून २८०० येतात. वरच्या टायरला ते जास्त आहेत आणि माल हलवावा लागेल, हे तिथेच कळते. काट्यावर या कामाला दहा मिनिटे जास्त लागतात, आणि काटेवाला कुरकुरतो.

हवेबद्दल बाजारात गैरसमज फार. १०.०० आर २० च्या १६ पीआर रेडियलला पूर्ण बोजावर साधारण १२० पौंड हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बाजूवर आणि कंपनीच्या तक्त्यात असतो. नायलॉनचा आकडा वेगळा, म्हणून एकाचा दुसऱ्याला लावू नये. हवा मोजायची ती थंड टायरची, सकाळी गाडी निघण्याआधी. टायर दहा अंश तापला की १२० पौंडांचे सुमारे चार पौंड वाढतात. उन्हात दोन तास धावलेला टायर १३५ दाखवेल, आणि ते बरोबर आहे. पण ढाब्यावर गाडी थांबवून "हवा जास्त झाली" म्हणून काढून टाकणारे ड्रायव्हर आम्ही स्वतः पाहिले आहेत. ती हवा काढली की थंड झाल्यावर टायर १०५ वर येतो, आणि पुढच्या फेरीत आणखी तापतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा सल्ला असाच उलटा आहे.

रॉड मारून आवाजावरून हवा ओळखण्याची आपल्याकडे मोठी प्रथा आहे. रॉडने फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो. ८० पौंड आणि १२० पौंड यांचा आवाज उस्तादांनाही वेगळा काढता आला नाही. आम्ही त्यांचीच परीक्षा घेतली. गेज लागतोच. आतल्या टायरची पीन हाताला येत नाही म्हणून तोच नेहमी राहून जातो. आमचाही तोच फुटला. आतल्या पीनला लांब नळी लावून घ्यावी, खर्च किरकोळ आहे. जोडीतल्या दोघांच्या हवेत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक नसावा. उंचीतही फरक नको: एक नवा आणि एक घासलेला अशी जोडी लावली तर उंच असेल तो सगळा बोजा घेतो आणि बुटका रस्त्यावर घसटत जातो. नाइलाज असेल आणि फरक थोडा असेल तर बुटका आत लावावा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मालाच्या नुकसानीपेक्षा मोठी आहे, आणि पंक्चरच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी आहे. ठरलेल्या हवेपेक्षा शेकडा वीस कमी, म्हणजे १२० च्या जागी ९६ किंवा त्याखाली चाललेला टायर हा बसलेला टायर समजावा. रेडियलच्या बाजूतल्या पोलादी तारा अशा चालण्याने वाकून वाकून कमकुवत होतात. बाहेरून काही दिसत नाही. त्यात पुन्हा पूर्ण हवा भरताना बाजू साखळीसारखी उसवते आणि फुटते. तसेच ट्यूबवाल्या वीस इंची रिमला वेगळी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल किंवा गंजलेली असेल तर हवा भरताना गोळीसारखी सुटते. उस्तादांच्या शेजारच्या दुकानात एका सतरा वर्षांच्या मुलाचा उजवा हात यातच गेला. तो टायरवर वाकून रिंग हातोडीने ठोकत होता, आणि हवा चालू होती. असा टायर आधी रिमवरून उतरवून आतून तपासावा, हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने भरावी आणि स्वतः टायरच्या समोर उभे राहू नये, बाजूला राहावे. रिंग ठोकायची ती हवा नसताना. पिंजरा कोणताही वेल्डर बनवून देतो. उस्तादांनी दुसऱ्याच दिवशी बनवून घेतला.

टायरच्या निवडीचे थोडक्यात. पुढच्या स्टिअरिंगच्या चाकांना सरळ रेघांचा, ज्याला रिब म्हणतात तो, आणि तो सर्वांत चांगला; तिथे रिट्रेड कधीही नको. हॉर्सच्या मागच्या चाकांना ओढ लागते, तिथे लग. ट्रेलरची चाके नुसती मागे येतात, म्हणून तिथे पुन्हा रिब. ट्रेलरला उरलेसुरले टायर लावायची आपली सवय चुकीची आहे. वळणावर जोड एक्सलची चाके आडवी घासटली जातात, आणि कच्चा रिट्रेड तिथेच सोलून निघतो. रिट्रेड लावायचाच तर सांगाडा मजबूत आणि काम ओळखीच्या कारागिराचे असावे. एका एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळू नयेत. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पण पावसाळ्यात त्याही आधी बदलावा. नायट्रोजनबद्दल लोक विचारतात. त्याची हवा थोडी सावकाश उतरते, पण गेज लावायचे काम त्याने सुटत नाही.

ज्यांच्याकडे लहान पिकअप आहे आणि मागे ट्रॉली जोडून बीम किंवा सूत नेतात त्यांनाही हाच हिशेब. ट्रॉलीचा पुढचा भार जोडणीवाटे पिकअपच्या मागच्या एक्सलवर येतो, म्हणून ट्रॉली जोडल्यावर पिकअपमध्ये तेवढा माल कमी भरावा, आणि मागच्या टायरची हवा पूर्ण बोजाच्या आकड्यावर ठेवावी. ट्रॉलीचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर त्यांचा आकडा त्यांच्याच बाजूवर वाचावा.

आमच्या गोदामात आता एक गेज दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. ट्रेलर आला की माल चढवण्याआधी मुनीम सगळ्या टायरांची हवा आणि चार आकडी तारीख वहीत लिहितो, ड्रायव्हरची सही घेतो, आणि स्टेपनी पाहिल्याशिवाय कंटेनर उघडत नाही. यामुळे दोन ट्रान्सपोर्टवाले आम्हाला सोडून गेले. जो राहिला तो फेरीला हजार रुपये जास्त घेतो.