साठीनंतर वजन उतरवायचं, तर पैसे कुठं घालायचे?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, निवृत्तीनंतर वजन कमी करायला निघालेल्या माणसाचा पहिला खर्च बहुतेकदा चुकीच्या जागी होतो. ओळखीतलं कुणीतरी पावडरीचा डबा आणून देतं, ‘महिन्यात आठ किलो’ म्हणतं आणि पेन्शनमधले काही हजार जातात. काटा खाली येतोही. पण या वयात उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर मांडीचे आणि पाठीचे स्नायूही जातात. ते परत कमावणं फार कठीण असतं. पुढं जिना चढताना कठडा धरावा लागतो, न्हाणीघरात तोल जातो. म्हणून साठीनंतर पैसे घालायचे ते स्नायू राखण्यावर, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १६० स्थूल ज्येष्ठांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळे व्यायाम करणारे तीन गट होते. या तिन्ही गटांनी खाणं कमी केलं आणि सहा महिन्यांत प्रत्येकाचं वजन सुमारे ९ टक्के उतरलं. पण ज्यांनी फक्त चालण्यासारखे दमछाकीचे व्यायाम केले, त्यांचा स्नायूंसह चरबीविरहित भाग ५ टक्के घटला. वजनं उचलणाऱ्यांचा घटला २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. उठणं, चालणं, जिना चढणं यांतली सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत सर्वांत जास्त, २१ टक्के दिसली. रोज तासभर फिरून समाधान मानणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे लक्षात घ्यायला हवं.

आधी वजन उतरवायची गरज आहे का, ते पाहा. शिंप्याची टेप २०-३० रुपयांना मिळते. बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांचं ८० च्या वर असेल, तर लक्ष घालायला हवं. आणि काहीही न करता सहा-बारा महिन्यांत वजन ५ टक्के घटलं असेल, तर खूश होऊ नका, डॉक्टर गाठा.

तपासण्यांवर मात्र काटकसर नको. रक्तातली साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, चरबी, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व एवढं खासगी प्रयोगशाळेत करायला ढोबळमानाने दोन ते तीन हजार धरा. पैशांची अडचण असेल, तर सरकारी दवाखान्यात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याची प्राथमिक केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कोणत्या तपासण्या तिथं होतात, ते आधी विचारून घ्या. जाण्या-येण्याचा खर्चही थोडाच: एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. ७० वर्षांवरच्यांसाठीचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. आहारतज्ज्ञाची फी त्यातून भागत नाही. ती एका भेटीला ५०० ते १,००० रुपये धरा. पहिल्या तीन महिन्यांत दोन भेटी पुरतात.

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर वजन उतरू लागलं की त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो. हे डॉक्टरांना न विचारता करायचं काम नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ती पद्धत, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवायची, फुकट आहे आणि पुष्कळ ज्येष्ठांपर्यंत पोचली आहे. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनानं सुरू करू नये, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. शिवाय मंद भूक असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला दोन जेवणांत पुरेशी प्रथिनं बसवणं अवघडच.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. ज्येष्ठांना शरीराच्या दर किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज ७० ते ८४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.) दोन अंडी १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही-ताक १७, ३० ग्रॅम मटकीची उसळ ७, तेवढ्याच डाळीची आमटी ७, १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी १०, २५ ग्रॅम सोयाबीन वडी १३ आणि मूठभर शेंगदाणे ५. बेरीज ७१. दूध ६० रुपये लिटर आणि अंडं ७ रुपयांना धरलं, तर हे सगळं दिवसाला साधारण ७० रुपयांत बसतं. त्यातलं बरंचसं घरात येतच असतं. कमी काय करायचं? दिवसातले चार चहा, कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. संध्याकाळचं भडंग, पाहुण्यांबरोबरचा कंदी पेढा, कोरड्या भाकरीवर तेल घालून घेतलेली शेंगदाण्याची चटणी. हे सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही. वाटीभर भडंगाची मूठभर करा, चहा दोनवर आणा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं, तर उत्तम चाललंय असं समजा.

व्यायामाला सुरुवातीला जवळपास काहीच लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणं, पाण्याच्या लिटरभर बाटल्या उचलणं, आठवड्यातून निदान दोन दिवस. रबरी पट्टा दोनशे ते पाचशे रुपयांना येतो. भिंतीजवळ एका पायावर उभं राहण्याचा सरावही हवा, कारण तोल सुटून पडणं हाच या वयातला मोठा धोका आहे. गुडघे दुखत असतील, तर फिजिओथेरपिस्टकडे तीन-चार वेळा जाऊन व्यायाम शिकून घ्या. भेटीला ३०० ते ६०० रुपये धरा. बुटांवर दीड ते तीन हजार खर्च झाले, तर तो खर्च योग्यच आहे.

साताऱ्यात फिरणं म्हणजे चढ. अजिंक्यतारा किल्ला चढताना दमलात तरी चालतं, गुडघे दुखतात ते उतरताना. साठीनंतर नवख्याने काठी घेऊन जावं आणि उतार हळूहळू उतरावा. सांगलीकरांचं भाग्य असं की रस्ता सपाट आहे. हरिपूरचा रस्ता किंवा आमराई, गुडघ्यांना दोन्ही मानवतील. पण जून ते सप्टेंबर साताऱ्यात पाऊस झोडपतो, सांगलीत नदीकाठ बंद होऊ शकतो. या चार महिन्यांसाठी जिम घेतली तरी चालेल. महिना साधारण ६०० ते १,५०० रुपये. वर्षाचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण महिना-महिना भरा, लेखी पावती घ्या आणि ‘ज्येष्ठांना शिकवणारं कोण आहे’ हे आधी विचारा.

६५ वर्षांवरच्या, दोन लाखांपेक्षा कमी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. गुडघ्याचा पट्टा, वॉकर अशा साधनांसाठी ते आहेत. सध्या अर्ज चालू आहेत का, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

वजन उतरवणारी इंजेक्शनं हा महागडा रस्ता. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा आठवड्याची कुपी डोसनुसार ३,५०० आणि ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४ ते साडेसतरा हजार. बंद केलं की बरंचसं वजन परत येतं आणि घेतानाही स्नायू जातात, त्यामुळं प्रथिनं आणि व्यायाम टळत नाहीत. डॉक्टरांनीच सुचवलं, तर भाग वेगळा.

उरले पोट उतरवणारे म्हणून विकले जाणारे पट्टे, थरथरणारी यंत्रं आणि जादूच्या पुड्या. लठ्ठपणा औषधानं घालवण्याची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा असा फलक दिसला की खिशात हात घालू नका. पैसे गेलेच, तर पावती जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. सातारा आणि सांगली, दोन्हीकडं जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं शुल्क पडत नाही.