सावलीत पानफुटीच बरी

प्रश्न : आमच्या संगमनेरच्या घराच्या उत्तरेकडील गॅलरीत ऊन येत नाही. तिथे कोणते रसाळ पानांचे झाड टिकेल?

उत्तर : पानफुटी लावा. मूळची मादागास्करची ही वनस्पती पानाच्या कडेच्या खाचांतून रोपे काढते. ओल्या मातीवर ठेवलेले एक पान पुरते. रसाळ झाडांना कडक ऊन हवेच, हा आक्षेप निवडुंगाला शोभतो. पानफुटी भरपूर उजेडाच्या सावलीत हिरवी राहते. उंच, लांबट वाढते आणि क्वचितच फुलते, इतकेच. ती दगावते बहुधा आपल्या मायेच्या पाण्याने. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तीत निम्मी जाड वाळू मिसळा आणि माती सुकल्यावरच पाणी द्या. ती बागभर पसरेल, ही भीती मात्र खरी; तेव्हा कुंडीतच ठेवा, गळलेली पाने उचला. तिच्यामुळे शेळ्या-गुरांना विषबाधा होते, छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका.